नाशिकहून परदेशी मोठं पार्सल: दर सांगण्याआधी खोका मोजा

"ताई, न्यू जर्सीला एक घंगाळ पाठवायचंय, कुरियरचे साधारण किती धरू?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतोच. विचारणारी बहुतेक मंडळी इथलीच, नुकतीच ऑनलाइन विकायला लागलेली. कुणी भांडी बाजारातून तांब्या-पितळेची भांडी घेऊन विकतं, कुणी सुताराकडून सागवानी झोपाळे करवून घेतं, कुणी त्र्यंबक-पेठकडच्या कलाकारांच्या वारली चित्रांच्या मोठ्या फ्रेम. मी उलट विचारते, "खोका केवढा आहे?" आणि तिथेच गाडी अडते. घंगाळाचं वजन तोंडपाठ असतं, किंमत तोंडपाठ असते, खोका मात्र अजून आणलेलाच नसतो.

मोठ्या पार्सलचा दर वस्तूवर ठरत नाही, खोक्यावर ठरतो. पैठणी किंवा चांदीचे दागिने पाठवणाऱ्याला हे कळायची फारशी गरज पडत नाही, कारण त्यांचं पार्सल लहान आणि भरीव. घंगाळ, हंडा, झोपाळा, फ्रेम यांचं तसं नाही. म्हणून खाली जो क्रम दिलाय, तो उलटसुलट करू नका. पॅकिंग सगळ्यात आधी आणि विक्रीची किंमत सगळ्यात शेवटी.

पहिली पायरी: वस्तू खरोखर पॅक करा आणि मग मोजा

अंदाजे नाही, खरोखर. एक नग पूर्ण पॅक करून, टेप मारून समोर ठेवा. मी एक घंगाळ घेऊन पूर्ण हिशेब दाखवते. कड्यांसकट रुंदी ४५ सेंटीमीटर, उंची २५, वजन ६ किलो. भोवती बबल रॅप, खाली-वर कागदाच्या गाद्या, बाहेर पाच प्लायचा, म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याचा खोका. पॅक केल्यावर वजन भरलं साडेसात किलो आणि खोक्याचं माप आलं ५६ × ५६ × ३६ सेंटीमीटर.

आता व्हॉल्युमेट्रिक वजन. विमानाचं पोट वजनाच्या आधी जागेनं भरतं, म्हणून कुरियरवाले जागेचंही वजन काढतात. फेडेक्स, डीएचएल, यूपीएस यांच्या एक्सप्रेस सेवेत सूत्र एकच आहे: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सगळं सेंटीमीटरमध्ये, भागिले ५०००.

५६ × ५६ × ३६ = १,१२,८९६
१,१२,८९६ ÷ ५००० = २२.५८

यातून अर्ध्या किलोचा पुढचा टप्पा धरला जातो, म्हणजे २३ किलो. काट्यावरचं वजन साडेसात आणि हे २३. दोन्हींत जे जास्त, त्यावर बिल. याला चार्जेबल वजन म्हणतात. घंगाळाच्या पोटात जी रिकामी जागा आहे ती तुम्ही न्यू जर्सीपर्यंत विमानानं पाठवताय आणि तिचे पैसे भरताय, हे एकदा पक्कं डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

मापाच्या बाबतीत माझ्याकडून पहिल्याच वर्षी चूक झाली, ती सांगते, कारण नव्यानं करणारे जवळजवळ सगळे ती करतात. जुलै महिना होता, पाऊस धरलेला. पुठ्ठा दोन दिवस ओट्यावर पडून होता, दमट हवेनं मऊ पडला होता. मी आत कागद ठासून भरला, झाकण दाबून टेप मारली. मोजायची टेप लावून कडा मोजल्या तेव्हा माप ५६ × ५६ × ३६ आलं. पण झाकण मधोमध फुगलं होतं आणि बाजूही थोड्या पोटासारख्या बाहेर आल्या होत्या. मुंबईच्या हबवर खोका यंत्राखालून जातो आणि यंत्र कडा बघत नाही, सगळ्यात बाहेर आलेला बिंदू बघतं. तिथे माप आलं ५८ × ५८ × ४०, म्हणजे २६.९, म्हणजे २७ किलो. चार किलोचा फरक. गिऱ्हाईकाकडून शिपिंगचे पैसे आधीच घेऊन झाले होते, त्यामुळे तो फरक मी भरला.

तेव्हापासून मी असं मोजते. खोका जमिनीवर ठेवून एक बाजू भिंतीला टेकवायची. समोरच्या बाजूला बसायचा लाकडी पाट उभा लावायचा, खोक्याला नुसता टेकेल इतपतच, दाबायचा नाही. मग भिंतीपासून पाटापर्यंतचं अंतर टेपनं घ्यायचं. फुगवटा आपोआप मापात येतो. तिन्ही बाजू अशाच. आकडा ५६.३ आला तर ५७ लिहायचा, खाली उतरवायचा नाही. वजनासाठी बॅगा तोलायचा लटकता काटा घ्या. घरातल्या माणसं तोलायच्या काट्यावर हलक्या खोक्याचा आकडा नीट येत नाही.

आणि पावसाळ्यात पुठ्ठे माळ्यावर ठेवा, प्लॅस्टिक गुंडाळून. तांब्याच्या भांड्याबरोबर सिलिका जेलच्या पुड्या टाकाच. ओल शिरली तर पंधरा दिवसांनी खोका उघडणाऱ्या गिऱ्हाईकाला काळे डाग दिसतात.

खोका लहान करणं हीच खरी बचत

दराची घासाघीस करण्यात नवे विक्रेते दिवस घालवतात. मी म्हणते तेवढा वेळ खोक्यावर घालवा. त्याच घंगाळाभोवती फुगीर बबल रॅपऐवजी पुठ्ठ्याचे कापलेले गोल आणि पातळ घट्ट फोमची पट्टी लावली, तर खोका ५२ × ५२ × ३२ मध्ये बसतो. तिन्ही बाजूंना फक्त चार-चार सेंटीमीटर कमी.

५२ × ५२ × ३२ = ८६,५२८, भागिले ५००० = १७.३, म्हणजे साडेसतरा किलो.

२३ वरून साडेसतरावर. साडेपाच किलो गेले आणि वस्तू तीच. मात्र काठाजवळ कंजुषी करू नका. घंगाळाचा काठ हाच पहिला चेपतो. मी काठाला नळीसारखा फोम गुंडाळते, मगच पुठ्ठ्याचे गोल लावते. फ्रेम किंवा काच असेल तर मात्र सगळीकडून पाच सेंटीमीटर मोकळी गादी हवीच, तिथे जागा वाचवायला जाऊ नका.

दुसरा मार्ग म्हणजे पोटातली जागा वापरणं. एका घंगाळात लहान घंगाळ, त्यात तांब्या-भांडं, असा संच विकायला ठेवा. खोका तेवढाच राहतो, चार्जेबल वजनही तेवढंच, कारण काट्यावरचं वजन अजून व्हॉल्युमेट्रिकच्या खालीच आहे. माझ्याकडे परदेशात एकटं घंगाळ फारसं जात नाही, संचच जातात.

खोके करून घेताना एक गोष्ट लक्षात ठेवा. अंबड किंवा सातपूरच्या एमआयडीसीतले बॉक्सवाले माप आतलं धरतात, कुरियर बाहेरचं. पाच प्लायचा खोका बाहेरून एक-दीड सेंटीमीटर मोठा भरतो, सात प्लायचा त्याहून जास्त. ऑर्डर देताना "बाहेरचं माप" असं स्पष्ट लिहून द्या. थोड्या नगांची ऑर्डर सगळे घेत नाहीत, तेव्हा एकाच मापाची भांडी विकणाऱ्या दोघी-तिघींनी मिळून खोके करून घेतलेले परवडतात.

दुसरी पायरी: लांबी आणि घेर

किलो मोजून झाले म्हणजे संपलं नाही. ठरावीक लांबीच्या पुढे खोका गेला की वेगळा आकार, म्हणजे जादा शुल्क, लागतो, आणि तो किलोवर नसून नगावर असतो. फेडेक्सकडे सगळ्यात लांब बाजू १२१ सेंटीमीटरच्या किंवा दुसरी बाजू ७६ सेंटीमीटरच्या पुढे गेली की जादा हाताळणीचे पैसे लागतात. इतर कंपन्यांच्याही अशा रेषा आहेत, काहींची तर मीटरभरावरच आहे. ज्या कंपनीनं पाठवणार तिची रेषा आधी विचारा.

झोपाळ्याचं उदाहरण घ्या. फळी पॅक करून १३० × ६० × १४, वजन २४ किलो. व्हॉल्युमेट्रिक येतं २१.८४, म्हणजे २२. इथे काट्यावरचं वजन जास्त, तेव्हा २४ किलो धरायचे. इथवर ठीक. पण १३० सेंटीमीटर लांबीमुळे जादा आकार लागला. फळी ११० सेंटीमीटरची केली असती तर पॅक होऊन ती १२० च्या आत बसली असती. हा निर्णय कुरियरच्या काउंटरवर घेता येत नाही, सुताराकडे घ्यावा लागतो. परदेशासाठी झोपाळा करणार असाल तर फळीची लांबी पार्सलच्या हिशेबानं ठरवा, किंवा दोन तुकडे बोल्टनं जोडायची सोय ठेवा. पितळी कड्या वेगळ्या लहान खोक्यात द्या, त्या भरीव आणि जड असतात.

घेर काढायचा तो असा: रुंदी आणि उंचीची बेरीज करून दुप्पट. त्यात लांबी मिळवायची. आपल्या ५६ × ५६ × ३६ च्या खोक्याचं बघा: ५६ + २ × (५६ + ३६) = २४० सेंटीमीटर. फेडेक्सला हे चालतं, त्यांची मर्यादा लांबी अधिक घेर ३३० सेंटीमीटर, एकटी लांबी २७४ आणि नगाचं वजन ६८ किलो. पोस्टानं पाठवायचं तर मात्र देशागणिक मर्यादा वेगळी असते, आणि काही देश लांबी अधिक घेर दोन मीटरच्या वर घेत नाहीत. तिथे हाच खोका परत येईल.

लाकडी पेटी करणार असाल तर आणखी एक. कच्च्या लाकडाच्या पॅकिंगला आयएसपीएम-१५ हा आंतरराष्ट्रीय नियम लागू होतो. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसवर ३० मिनिटं तापवलेलं, किंवा मान्य पद्धतीनं धुरी दिलेलं असावं लागतं आणि त्यावर तसा शिक्का असावा लागतो. शिक्का नसेल तर पलीकडच्या बंदरात माल अडतो. प्लायवूड आणि एमडीएफला हा नियम लागत नाही, म्हणून पेटी प्लायची करा, ती हलकीही पडते. आणि झोपाळा शिसवीचा असेल तर त्या लाकडाला सायटिसचे, म्हणजे धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे नियम आहेत, वेगळं प्रमाणपत्र लागतं. नव्या माणसानं सागवानापासूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे.

तिसरी पायरी: दराचे थर

दर विचारताना "किलोला किती?" एवढंच विचारलं की उत्तर अर्धवट येतं. बिलात थर असतात. पायाचा दर, त्यावर इंधन अधिभार, जो टक्क्यांत असतो आणि सतत बदलत राहतो, काही काळ मागणी अधिभार, दुर्गम पिनकोड असेल तर त्याचे वेगळे, घरपत्त्यावर द्यायचं असेल तर काही देशांत त्याचेही वेगळे. या सगळ्यावर आपल्याकडचा जीएसटी १८ टक्के.

समजायला सोपं जावं म्हणून एक दर मानून चालू. किलोला ६२० रुपये, इंधन अधिभार ३० टक्के. हे आकडे फक्त उदाहरणाचे आहेत, तुमचे त्या दिवशी घ्या.

२३ किलो × ६२० = १४,२६०
इंधन अधिभार ३० टक्के = ४,२७८
बेरीज = १८,५३८
जीएसटी १८ टक्के = ३,३३७
एकूण = २१,८७५ रुपये

घंगाळाची किंमत समजा ९,००० रुपये. म्हणजे वाहतूक वस्तूच्या दुपटीहून जास्त. घाबरून जाऊ नका, पण हा आकडा गिऱ्हाईकाच्या आधी तुमच्या डोळ्यांसमोर यायला हवा. आता तेच साडेसतरा किलोच्या खोक्याचं करा. साडेपाच किलो कमी, म्हणजे पायाच्या दरात ३,४१० कमी, इंधनासह ४,४३३, जीएसटीसह ५,२३१ रुपये कमी. चार सेंटीमीटरचे पाच हजार. फुगलेल्या खोक्यामुळे वाढलेल्या चार किलोंचंही करून बघा, याच दरानं ते ३,८०४ रुपये होतात.

जीएसटीची नोंदणी असेल आणि एलयूटी, म्हणजे आधी कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र, भरलं असेल तर निर्यात शून्य दरात धरली जाते, आणि कुरियरच्या बिलावर भरलेला जीएसटी परत मागता येतो. पण तो नंतर येतो, खिशातून आज जातो. भांडवल मोजून ठेवलेलं असेल तर हा फरक जाणवतो.

दर घेताना मी हे प्रश्न लेखीच विचारते. हा दर इंधन धरून आहे का? जीएसटी धरून आहे का? भागाकार ५००० नंच आहे ना? पुनर्मोजणीत फरक आला तर फोटो मिळेल का? मेलवर उत्तर आलं की ते जपून ठेवते. फोनवरचा दर हा दर नव्हे.

काही कंपन्यांच्या दरपत्रकात साधारण २० किलोपर्यंत अर्ध्या-अर्ध्या किलोचे टप्पे असतात आणि पुढे सरळ प्रति किलो दर सुरू होतो, तोही खालच्या पट्टीत. त्यामुळे कधी कधी १९ किलोच्या पार्सलपेक्षा २१ किलोचं स्वस्त पडतं. टप्प्याच्या काठावर असाल तर पुढच्या टप्प्याचाही आकडा विचारून घ्या. दोन नग एकाच पत्त्यावर जाणार असतील तर एकाच एअरवे बिलावर, म्हणजे कुरियरच्या पावतीवर पाठवा, दोन वेगळी करू नका.

चौथी पायरी: पलीकडचा कर

हा भाग नवे विक्रेते गिऱ्हाईकावर सोडून देतात आणि मग पार्सल नाकारलं जातं. मोठं पार्सल परत आणायला जाण्याइतकाच खर्च येतो, म्हणून हे तुमचंच काम आहे असं समजा.

अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला ड्युटी लागत नसे. ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली. आता लहानमोठ्या सगळ्या पार्सलला ड्युटी मोजावी लागते, आणि तिथले दर वारंवार बदलताहेत, तेव्हा माल निघण्याच्या आठवड्यात पुन्हा बघा. युरोपीय संघात १ जुलै २०२१ पासून किंमत कितीही कमी असली तरी व्हॅट लागतो. ब्रिटनमध्ये १३५ पौंडांपर्यंतच्या मालाचा व्हॅट विक्रीच्या वेळीच घ्यावा लागतो. ऑस्ट्रेलियात १,००० ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आतल्या मालावर १ जुलै २०१८ पासून जीएसटी आहे. मोठ्या विक्री संकेतस्थळावरून विकत असाल तर यातलं बरंचसं ते स्वतः गोळा करतं. स्वतःच्या संकेतस्थळावरून विकत असाल तर तुम्हाला बघावं लागेल.

मोठ्या पार्सलवाल्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. अमेरिका ड्युटी मोजताना मालाची किंमत धरते, आंतरराष्ट्रीय वाहतूक धरत नाही. युरोप आणि ब्रिटन वाहतूक आणि विमाही धरतात. म्हणजे ९,००० चं घंगाळ जर्मनीला पाठवलं आणि वाहतूक १८,००० झाली, तर तिथला १९ टक्के व्हॅट २७,००० वर लागतो: ५,१३० रुपये. ड्युटी लागली तर तीही यात मिळवून वर व्हॅट. खोका लहान केला की पलीकडचा करही कमी होतो तो असा.

कर कोण भरणार ते ठरवून लिहा. डीडीपी म्हणजे तुम्ही भरणार, डीएपी म्हणजे गिऱ्हाईक दारात भरणार. बाजारात अजून डीडीयू म्हणायची पद्धत आहे, अर्थ डीएपीसारखाच. डीडीपीत कुरियर तुमच्या वतीनं आधी कर भरतं आणि त्याची वेगळी फी लावतं, ती हिशेबात धरा. मोठ्या वस्तूला मी डीडीपीच करते. गिऱ्हाईकानं वीस-पंचवीस हजार आधीच दिलेले असतात. त्याच्या दारात आणखी पैसे मागितले की तो चिडतो, आणि त्याचं चिडणं बरोबर असतं.

एचएस कोड, म्हणजे मालाच्या प्रकाराचा कस्टम्सचा क्रमांक, चुकवू नका. तांब्या-पितळेच्या घरगुती वस्तू ७४१८ मध्ये येतात. पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, पुढचे देशाप्रमाणे. इन्व्हॉइसवर नुसतं "हस्तकला" लिहिलं की पलीकडचा अधिकारी त्याला वाटेल तो कोड लावतो. "तांब्याचे घरगुती पात्र, हाताने घडवलेले" असं इंग्रजीत नीट लिहा.

पाचवी पायरी: कोणत्या वाटेनं पाठवायचं

एक्सप्रेस कुरियर नाशिकमधून पिकअप घेतं, पार्सल कसारा घाटातून मुंबईला जातं आणि तिथून उडतं. घरापासून घरापर्यंत सगळं त्यांच्याकडे. एक-दोन नगांसाठी हीच वाट सरळ.

पोस्टाचं डाक घर निर्यात केंद्र ही लहान विक्रेत्यांसाठी चांगली सोय आहे, निर्यातीचे कागद तिथेच ऑनलाइन होतात. पण वजनाची आणि मापाची मर्यादा देशाप्रमाणे बदलते, बऱ्याच देशांना २० किलोच्या आसपास. मध्यम खोक्यांसाठी जरूर बघा, मोठ्यांसाठी आधी माप सांगून विचारा.

नग दहा-पंधरा झाले, वजन शंभर किलोच्या पुढे गेलं, की एअर कार्गोचा दर काढा. तिथे भागाकार ५००० ऐवजी ६००० नं होतो. आपला ५६ × ५६ × ३६ चा खोका तिथे २३ ऐवजी १८.८ किलो भरतो. दराचे टप्पे ४५, १००, ३०० किलो असे असतात आणि जितका पुढचा टप्पा तितका किलोचा दर उतरतो. मात्र हा दर विमानतळ ते विमानतळ असतो. इकडे कस्टम्स एजंट, पलीकडे कस्टम्स एजंट, तिथून घरापर्यंतची गाडी, सगळं वेगळं. ओझरच्या विमानतळावर कार्गोची सोय आहे, पण तुमच्या देशासाठी ती कामाची आहे का हे फॉरवर्डरला, म्हणजे कार्गोची व्यवस्था करणाऱ्या एजंटला विचारून घ्या, नाहीतर मुंबईत सहारला पाठवावं लागतं.

समुद्रमार्गे न्हावा शेवाहून एलसीएल पद्धतीनं, म्हणजे दुसऱ्यांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये. दर घनमीटरवर, एक घनमीटर किंवा १,००० किलो, जे जास्त ते. आपल्या खोक्यांपैकी आठ एका घनमीटरमध्ये बसतात. भाडं इतकं कमी सांगतात की विश्वास बसत नाही. पण पलीकडच्या बंदरातले आकार, गोदामाचे, कागदांचे, हाताळणीचे, ते माल पोहोचल्यावर निघतात आणि माल घेणाऱ्याच्या माथी येतात. फॉरवर्डरकडून पलीकडच्या आकारांची यादी लेखी मिळाल्याशिवाय एलसीएलला हात लावू नका. तिकडे एखादा दुकानदार तुमचा माल नियमित घेत असेल तर ही वाट उत्तम. एका घरगुती गिऱ्हाईकासाठी नाही.

कागदांचं थोडक्यात सांगते, कारण ते एकदाच करायचं असतं. डीजीएफटी या परदेशी व्यापाराच्या सरकारी खात्याकडून आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा नोंदणी क्रमांक, फी ५०० रुपये, आणि तो दरवर्षी एप्रिल ते जून दरम्यान अद्ययावत करायचा. निर्यातीचे पैसे ज्या बँकेत येणार तिच्याकडून एडी कोड. जीएसटीचं एलयूटी, दर आर्थिक वर्षाला नवं. कुरियरनं व्यापारी माल पाठवताना सीएसबी-५ या कस्टम्सच्या निर्यात अर्जावर पाठवा, म्हणजे ती निर्यात म्हणून नोंदली जाते. "सँपल दाखवू, सोपं पडेल" असं कुणी सांगितलं तर नाही म्हणा. परतावा जातो आणि बँकेत आलेल्या पैशांचा मेळ बसत नाही.

विमा वेगळा घ्या. विमान वाहतुकीत नुकसानभरपाईची मूळ मर्यादा किलोवर असते, किमतीवर नाही. जुन्या पितळी समईसारखी महागाची वस्तू तेवढ्यावर सोडता येत नाही.

सहावी पायरी: आता किंमत लिहा

वस्तूची किंमत, पॅकिंगचा खरा खर्च, वाहतूक इंधनासकट, विमा, डीडीपी असेल तर कर आणि त्याची फी. ही बेरीज झाली की संकेतस्थळाचं कमिशन. इथे बरेच जण चुकतात. एट्सी या विक्री संकेतस्थळाचं ६.५ टक्के कमिशन वस्तूवरच नाही, शिपिंगच्या रकमेवरही लागतं. म्हणून वाहतुकीचे १८,५३८ रुपये (जीएसटी परत मिळणार असं धरून) पूर्ण हातात यायला हवे असतील तर त्यात ६.५ टक्के मिळवून चालत नाही, ०.९३५ नं भागावं लागतं: १९,८२७ रुपये. यावर पैसे स्वीकारण्याची फी आणि डॉलरचे रुपये होताना जाणारा फरक वेगळा.

"फ्री शिपिंग" लिहायचं की नाही? मोठ्या वस्तूला मी लिहीत नाही. दुबईला जाणारं घंगाळ आणि कॅनडाला जाणारं घंगाळ यांचा खर्च एक नाही, मग दुबईच्या गिऱ्हाईकानं कॅनडाचे पैसे का भरावे? देशांचे चार-पाच गट करा, प्रत्येक गटाचा वेगळा आकडा ठेवा. इंधन अधिभार हलतो म्हणून मी महिन्यातून एकदा सगळे गट पुन्हा तपासते, पहिल्या सोमवारी. ज्या देशाचा खर्च काढलेला नाही तो देश यादीतून बंद ठेवा. "विचारा, सांगतो" असं लिहिलेलं चालतं. चुकीचा आकडा लिहिलेला चालत नाही.

किती दिवसांत पोहोचेल हे लिहितानाही नाशिकचं कॅलेंडर बघा. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत, त्या दिवसांत शहरातून पिकअप वेळेवर होईल असं धरून चालू नका. त्या काळातल्या ऑर्डरना आठवडाभर जादा आत्तापासूनच लिहून ठेवा.

आणि पिकअपचा माणूस येण्याआधी पाच मिनिटं काढा. खोका मोजायच्या टेपसकट चारही बाजूंनी फोटोत घ्या, टेपवरचा आकडा वाचता येईल असा. काट्यावर लटकवलेल्या खोक्याचाही एक, आकड्यासकट. एअरवे बिलाचा नंबर खोक्यावर दिसेल असा शेवटचा. माझ्या फोनमध्ये दर पार्सलचं वेगळं फोल्डर आहे. पंधरा-वीस दिवसांनी बिल आलं की चार्जेबल वजनाचा रकाना आधी बघते. फरक असेल तर त्याच दिवशी फोटो जोडून मेल करते, कारण तक्रारीची मुदत थोडी असते. फरक नसेल तर वहीत खोक्याचं माप, देश, त्या दिवशीचा इंधन अधिभार आणि शेवटचा आकडा लिहून ठेवते, आणि पुढचं घंगाळ त्याच मापाच्या खोक्यात भरायला घेते.